पाचांविरुद्ध चौघे

एडमंटन, अल्बर्टा
27 जून 2024

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न नेमका आहे: आइस हॉकीतल्या स्टॅन्ली कपच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत फ्लोरिडाविरुद्ध 0-3 ने मागे पडलेले आमचे एडमंटन ऑइलर्स 3-3 पर्यंत आले कसे, आणि सातव्या सामन्यात अडले कुठे? इथे कुणालाही विचार, उत्तर एकच: कर्णधार मॅकडेव्हिड. ते खोटं नाही. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, 25 सामन्यांत त्याचे 42 गुण (गोल आणि असिस्ट मिळून), त्यांत 34 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार. ऑइलर्सचाच जुना दिग्गज ग्रेट्स्की, त्याचा 1988 चा 31 असिस्टचा विक्रम त्याने मोडला. हरलेल्या संघातला असूनही सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली. तरी माझं मत वेगळं आहे. हा संघ तगून राहिला तो पेनल्टी किलवर, म्हणजे शिक्षेमुळे माणूस कमी असतानाच्या बचावावर.

तू कबड्डी खेळतोस, तुला चटकन कळेल. माणूस कमी असताना चढाई थोपवायची, तसाच हा प्रकार. चूक करणारा दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतो. मग गोलकीपर सोडून पाचाऐवजी चौघेच उरतात आणि समोर पाच. समोरच्यांचा हा पॉवर प्ले. त्यांनी गोल केला की शिक्षा तिथेच संपते.

अख्ख्या प्लेऑफमध्ये ऑइलर्सवर अशी वेळ 70 वेळा आली आणि गोल बसले फक्त चार. म्हणजे 94.3 टक्के बचाव.

करतात काय? चौघे गोलसमोर छोटा चौकोन धरतात. बाहेरून, गोलापासून लांबच्या ब्लू लाइनजवळून शॉट मारायचा तर मारू देतात; मधली जागा मात्र सोडत नाहीत. काठी बर्फावर सपाट, पासच्या वाटेत. पक (चेंडूऐवजी असणारी रबरी चकती) कडेच्या फळीपाशी गेला आणि समोरच्याची पाठ वळली, की एकजण तुटून पडतो. तो एक पाऊल उशिरा निघाला तर चौकोन फुटतो आणि पलीकडच्या कडेचा माणूस मोकळा राहतो. बहुतेक गोल तिथेच होतात. पक हाती लागला की नक्षीकाम नाही, थेट दुसऱ्या टोकाला भिरकवायचा. एरवी त्याला आयसिंगची शिट्टी होते, पण माणूस कमी असताना ते चालतं. तेवढ्यात दमलेले बाहेर, ताजे आत. तीनपैकी दुसऱ्या पिरियडमध्ये टोकं बदलतात, बदली खेळाडूंचे बाक मात्र जागचे हलत नाहीत. त्यामुळे बचाव करणाऱ्यांना बाक लांब पडतो. तिथे पक बाहेर गेला नाही तर तेच चौघे मिनिटभर अडकतात, पाय जड होतात आणि चुका सुरू होतात.

आता गंमत बघ. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यातला पहिला गोल आमच्या यानमार्कचा, पाचव्यातला पहिला आमच्याच कॉनर ब्राउनचा. दोन्ही माणूस कमी असताना मारलेले! पॉवर प्लेसाठी फ्लोरिडाचे सगळे पुढे सरसावलेले असतात. एक पास चुकला की मागे रान मोकळं. चौथा 8-1, पाचवा 5-3, सहावा 5-1 असे जिंकले. ज्या दोन मिनिटांत गोल खायची भीती, त्यांतच यांनी गोल करून घेतला.

उलट स्वतःचा पॉवर प्ले, ज्याचा एवढा दरारा, तो अंतिम मालिकेच्या पहिल्या तीन सामन्यांत पार कोरडा गेला. एरवी गोलच्या उजव्या बाजूच्या वर्तुळातून पहिल्याच फटक्यात गोल ठोकणाऱ्या आमच्या ड्रायझाइटलला अख्ख्या मालिकेत एकही गोल करता आला नाही. 0-3 चं खरं कारण माझ्या मते हेच. गोलकीपर स्किनरला लोक उगाच शिव्या घालतात. आधीच्या फेरीत व्हँकुव्हरविरुद्ध त्याला दोन सामने बसवून दुसरा गोलकीपर पिकार्डला खेळवलं होतं. परत आल्यावर त्याने त्या मालिकेतला सहावा आणि सातवा दोन्ही सामने काढून दिले.

सोमवारचा सातवा सामना 2-1 ने गेला. तुमच्याकडे मंगळवारची पहाट, साडेपाचचा सुमार. व्हरहेगीने फ्लोरिडाला पुढे नेलं, यानमार्कने लगेच बरोबरी केली आणि दुसऱ्या पिरियडमध्ये राइनहार्टने निर्णायक गोल केला, तोही पाचास पाच असताना. शेवटच्या दोन्ही सामन्यांत मॅकडेव्हिडच्या नावावर एकही गुण नाही.

अंतिम मालिकेत 0-3 वरून कप जिंकणारा एकच संघ, 1942 चा टोरोंटो. तो मान आमच्याकडून एका गोलाने हुकला.

राइनहार्टचा गोल पुन्हा बघशील तेव्हा पकवर नजर ठेवू नकोस. आधीचे दहा सेकंद ऑइलर्सचे बचावपटू कुठे उभे आहेत तेवढं बघ आणि कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा