पत्र्याखालचे रॉक आणि मराठी शब्द

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाताळच्या कार्यक्रमांवरून आपल्या पत्रसदरात ख्रिस्ती तरुण संघांच्या रॉक गाण्यांवर दोन आक्षेप आले. एक, शब्द ऐकू येत नाहीत. दोन, ऐकू आले तरी त्यांत देवाचे नाव सापडत नाही. पहिला आक्षेप बहुतेक वेळा खरा असतो, पण त्यात दोष त्या संगीताचा नाही. दुसऱ्यात मात्र गफलत आहे.

ही गाणी ज्या ‘ख्रिस्ती अल्टरनेटिव्ह रॉक’ प्रकारातली, त्यात देवाचे नाव कमी आणि ‘तू’ जास्त असतो. शंका, थकवा, वाट पाहणे हे तिथले नेहमीचे विषय. ही चाल आजची नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे गाऱ्हाणीच आहेत. 88 वे तर अंधारातच संपते. यू-टू या आयरिश बँडच्या 1983 च्या ‘वॉर’ अल्बममधले शेवटचे गाणे 40 व्या स्तोत्रावर बेतलेले आहे आणि त्याचे नावही ‘40’ एवढेच आहे. गाऱ्हाणे गाणे म्हणजे विश्वास सुटणे, असा अर्थ काढायचा तर निम्मे तुकोबाही बाजूला ठेवावे लागतील.

खरी अडचण येते ती ही गाणी मराठीत आणताना. इंग्रजीतला ‘यू’ देव आहे की प्रियजन, हे शेवटपर्यंत झाकलेले राहते. मराठीत ‘तू आलास’ म्हटले की झाकण उडाले. ‘मी थकलो’ मुलींना गाता येत नाही, ‘मी थकले’ मुलांना. यावर उपाय व्याकरणातच आहे. सकर्मक भूतकाळ घ्यावा: ‘तू हाक मारलीस’, ‘मी वाट पाहिली’. इथे क्रियापद हाकेप्रमाणे आणि वाटेप्रमाणे चालते, त्यामुळे गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हे उघडे पडत नाही. आज्ञार्थही असाच कामाला येतो.

दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची. ‘ग्रेस’ हा शब्द एका लांब सुरावर बसतो, म्हणून त्याच सुरावर ‘कृपा’ ठेवतात आणि ‘कृऽऽपा’ असे काहीतरी विचित्र ऐकू येते. ‘कृ’ समेच्या आधी उचलून ‘पा’ समेवर टाकला तर शब्द शाबूत राहतो. शब्दशः भाषांतर करणाऱ्यांनी आधी रेव्ह. ना. वा. टिळकांकडे पाहावे. ख्रिस्ती भक्ती त्यांनी अभंगाच्या छंदात आणली आणि तो छंद रॉकच्या चार मापांत आश्चर्य वाटावे इतका नेमका बसतो. 6-6-6-4 अक्षरांचा एक चरणसमूह नमुना म्हणून देतो:

तुझ्या दारापाशी / रात्र सरू आली / वात मंद झाली / उघड ना

एका मापात चार ठोके, म्हणजे आठ अर्धे ठोके. भजनी ठेक्याच्या आठ मात्राच म्हणा. सहा अक्षरांनंतर दोन अर्धे ठोके श्वासाला उरतात. चौथ्या मापात अक्षरे चारच, म्हणून उरलेली अर्धी जागा गिटारला आयती मिळते. टाळ्यांचे मात्र आधीच ठरवून घ्यावे. आपली मंडळी पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर टाळी देते, ड्रमसेटमधला स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर पडतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणे पळू लागते. अहिराणीत बांधणाऱ्यांची थोडी चैन आहे: ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि लांब सुरावर तो जास्त मऊ उतरतो.

आता आवाज. या गाण्यांचा पाया पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. तानपुऱ्याच्या तारांत असतात तेच. गंधार मुद्दाम वगळतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत केलेला असताना, तो घातला की स्वर एकमेकांत घासून चिखल होतो. सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवली की खालच्या तीन तारा सा-प-सा होतात आणि एका बोटाने वाजतात. पण हा डी 73 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फारच खर्जातला. भाड्याच्या साध्या कॉलम स्पीकरमधून तो येतच नाही, मग साऊंडवाला बास वाढवतो आणि वाढते ती 200 ते 400 हर्ट्झची घुमघुम. वर पत्रा, खाली फरशी. नवापूरपासून भुसावळपर्यंत बरीच सभागृहे अशीच. इथे गिटारचा 100 हर्ट्झखालचा भाग कापावा, 300 जवळ थोडे उतरवावे आणि गायकाच्या माईकला 3 किलोहर्ट्झच्या आसपास किंचित उठाव द्यावा. मराठी व्यंजने तिथेच उलगडतात.

कर्कशपणाचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. डिस्टॉर्शन पेडल थेट साऊंडच्या मिक्सरला जोडतात. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आपोआप गिळतो. मिक्सर गिळत नाही, म्हणून गांधीलमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाटते. त्या स्पीकरची नक्कल करणारा कॅबिनेट सिम्युलेटर लावावा, नसेल तर वरचा ट्रेबल उतरवावा. घरी सराव करताना ठेवलेला गेनही (पेडलवरचे खरखरीचे प्रमाण) मंचावर निम्मा करावा. डिलेचे, म्हणजे वाजलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टचे, गणितही सोपे आहे: मिनिटाला 120 ठोके असतील तर एक ठोका 500 मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊणपट 375, तेवढा डिले ठेवतात. मात्र पत्र्याखाली सभागृहच फुकटात डिले देते, तेव्हा तो अगदी कमी ठेवावा.

माईक शिट्टी मारतो तेव्हा गायकाने त्याची जाळी मुठीत धरलेली असते. मागून येणारा आवाज टाळणारा माईक मुठीने चारही बाजूंचे ऐकू लागतो. दांड्याला धरावे आणि मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) माईकच्या पाठीमागे ठेवावा.

जनरेटरवर गुणगुण आली की काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण जातेही, पण विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही जाते. त्याऐवजी गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचा डीआय बॉक्स वापरावा, ज्यात ग्राउंड लिफ्टची, म्हणजे फक्त सिग्नलच्या वायरीचे ग्राउंड तोडण्याची, सोय असते. गाणाऱ्याचे ओठ माईकच्या जाळीला आणि बोटे गिटारच्या तारांना लागलेली असतात, म्हणून अर्थिंग नसेल तर धक्का सरळ त्याच्या शरीरातून जातो आणि जिवावर बेतू शकतो.

आपला,
एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)