ट्रेलरवरचे इंजिन आणि आपला मथळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर, चौकात बसवायला ट्रेलरवरून आणलेल्या जुन्या रेल्वे इंजिनामुळे वाहतूक कोंडी झाल्याची बातमी वाचली. 'भंगार इंजिनाने मिरजकरांना धरले वेठीस' हा मथळा ज्यांनी दिला त्यांना माझा नमस्कार सांगा. बातमीच्या शेवटी आपले वार्ताहर लिहितात, 'रेल्वेचे इंजिन रेल्वेनेच का नेले नाही, असा सवाल नागरिक करीत आहेत.' हे नागरिक कोण ते मला चांगले ठाऊक आहे. बातमीला शेवटची ओळ सुचली नाही की नागरिक सवाल करू लागतात. पण सवाल केलाच आहे, तर उत्तरही घ्या.

ते इंजिन नॅरोगेजचे आहे. फोटोखाली आपण मीटरगेज छापले आहे, ते मिरजेतल्या शाळकरी पोराच्या आजोबांना विचारले असते तरी दुरुस्त झाले असते. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. बार्शी लाईट या आपल्याकडच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेचे ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजचे १६७६. एके काळी मिरज जंक्शनात तिन्ही गेज नांदत होती. आता पंढरपूरकडची नॅरोगेज उखडून तिथे ब्रॉडगेज झाली, याच लाईनवरून २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाण्याची गाडी गेली, आणि ती बातमी तर आपणही रोज छापत होता. मग हे इंजिन चालवायचे कोणत्या रुळांवर? ब्रॉडगेजच्या वाघिणीवर ठेवून नेता येते, नाही असे नाही. पण वाघिणीपर्यंत न्यायला ट्रेलर लागतो आणि वाघिणीवरून उतरवून चबुतऱ्यापर्यंत न्यायला पुन्हा ट्रेलर. म्हणजे एका इंजिनाची दोनदा चढ आणि दोनदा उतार. शिवाय वर्षानुवर्षे उन्हापावसात उभ्या असलेल्या इंजिनाचे बेअरिंग कोरडे पडलेले, चाके जाम झालेली. गेज जुळत असते तरी रेल्वेने ते तसेच मेन लाईनवर घेतले नसते.

मी रेल्वेचा माणूस नाही. हयात गेली ती साखर कारखान्यांची यंत्रे चढवण्या-उतरवण्यात. मिलचे रोलर, बॉयलरचे ड्रम, टर्बाइन. त्यामुळे 'क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवले' हे आपले एका ओळीचे वर्णन वाचून हसू आले. जुने इंजिन असे कुठेही पट्टा घालून उचलत नाहीत, उचलले तर पत्रा चेपतो आणि कॅब वाकते. बऱ्याचदा क्रेन लागतही नाही. ट्रेलरच्या शेपटीला उतार बांधतात, खाली लाकडी स्लीपर रचून, वर रुळाचे दोन तुकडे टाकून. इंजिन मागच्या बाजूने वायररोप लावून विंचने इंच-इंच वर ओढतात. त्याआधी टाकीतले आणि बॉयलरमधले पाणी काढायचे, चाकांना जोडणारे दांडे सोडवायचे, धुराडे आणि वरचे निघण्यासारखे भाग उतरवून वेगळे बांधायचे. टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, असेल तर त्याची खेप निराळी. वर चढले की चाकांखाली पाचरी, चारी बाजूंनी साखळ्या, आणि साखळ्या टर्नबकलने, म्हणजे ताण देणाऱ्या स्क्रूने, आवळायच्या. पहिल्या काही किलोमीटरनंतर गाडी थांबवून त्या पुन्हा आवळायच्या, कारण लाकूड बसते आणि साखळी ढिली पडते. आपल्या फोटोत ट्रेलर रस्त्याकडेला उभा दिसतो ना, 'बिनधास्त उभा' असे आपण लिहिले आहे, तेव्हा खाली बसलेला माणूस साखळी आवळतो आहे. झूम करून पाहा.

दुसरे म्हणजे ती पुष्कळ चाके. 'महाकाय', 'रस्त्याची वाट लावणारे' वगैरे. अहो, चाके जास्त असतात ती रस्ता वाचावा म्हणूनच. वजन जितक्या आसांवर वाटले जाईल तितका डांबराला त्रास कमी. १८९७ साली बार्शी लाईट सुरू झाली तेव्हा कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने हेच डोके लावले होते. एका आसावर ५ टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, हे धरूनच त्याने डबे आणि इंजिने बनवून घेतली, म्हणून हलक्या रुळांवर भरपूर माल ओढता आला. ही लाईन मिरजेला आली १९२७ मध्ये. तिची सुरुवातीची इंजिने तीस टनांच्या आतबाहेर. वाळूने शिगोशीग भरलेला हायवा डंपर काट्यावर घातला तर याहून फार मागे राहणार नाही. पण काट्यावर घालतो कोण! हायव्याला आपण 'महाकाय' म्हटल्याचे मला तरी आठवत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बातमीत तीनदा 'चालकाचा निष्काळजीपणा' आहे. हे शब्द मी आपल्याच अंकात आधी वाचले आहेत.

नॅरोगेज बंद पडल्यानंतरची गोष्ट. एका संस्थेला आपल्या आवारात शोभेला इंजिन ठेवायचे होते. काम आमच्याकडे आले. सोलापूर जिल्ह्यातून सांगोला, कवठेमहांकाळ करत मिरज. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा चौपदरी नव्हता. परवानगी रात्रीची. पुढे जीप, जीपवर बांबू उभा बांधलेला आणि त्याला आडवी काठी, इंजिनाच्या माथ्यापेक्षा वीतभर उंच. काठी तारेला घासली की जीपवाला दिवा दाखवायचा आणि ट्रेलर जागेवर. तार केबल टीव्हीची असेल तर कोरड्या बांबूने उचलून धरायची, विजेची असेल तर लाईनमन येईपर्यंत विड्या ओढत बसायचे. पूल आडवे येत नाहीत, आडवे येते ते माणसांनी रस्त्यावर टांगलेले.

वाटेत एका गावाच्या तोंडाशी कमान. बांबूची, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर कोणा साहेबांचे हात जोडलेले. काठी अडली. चार बोटांची कसर. गावातल्या पोरांना उठवले, म्हटले वरची आडवी पट्टी तेवढी सोडा, पाच मिनिटांत परत बांधून देतो. उत्तर आले, "कमान हलणार न्हाई. उद्या सायबांचा वाढदिवस हाय." पोलीसपाटलांकडे माणूस पाठवला, ते झोपलेच होते म्हणे.

आमचा ड्रायव्हर जतकडचा. बोलणे कमी. खाली उतरला, कमानीकडे एकदा पाहिले, इंजिनाकडे एकदा पाहिले, आणि टायरची हवा सोडायला लागला. सगळ्या टायरची, सारखी सारखी, एक बाजू कलली तर इंजिन साखळ्यांवर रेलेल म्हणून प्रत्येक टायरला हाताने दाबून पाहत. मी कॅबवर आडवा पडून टॉर्च धरली होती. फ्लेक्स माझ्या पाठीला घासून गेला, साहेबांच्या जोडलेल्या हातांखालून आम्ही सुखरूप बाहेर पडलो. कमानीचा एक सुंभसुद्धा तुटला नाही.

पण हवा सोडायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट भरायला लागतो. पलीकडे गाडी उभी करून ट्रेलरच्याच कंप्रेसरने एकेक टायर भरत होतो तोवर उजाडले. दुधाच्या गाड्या, एस.टी., कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर, सगळे मागे तुंबले. कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात, 'अजस्र ट्रेलर रस्त्यात आडवा, चालकाच्या निष्काळजीपणामुळे तीन तास वाहतूक ठप्प.' कमानीचा उल्लेख नाही. साहेबांच्या वाढदिवसाची बातमी मात्र त्याच पानावर, खाली, चौकटीत.

ते कात्रण संस्थेच्या फायलीला लागले आणि ड्रायव्हरच्या भाड्यातून रक्कम कापली गेली. मी भांडलो. संस्थेचे कारकून म्हणाले, "पेपरात आलंय, आम्ही काय करणार?" मी तेव्हा आपल्याला पत्र लिहिले होते, रजिस्टर पोस्टाने. छापले नाही. त्याच आठवड्यात 'पुण्यातील हवामान किती आल्हाददायक' या विषयावर एका वाचकाचे पत्र छापले होते, ते मी जपून ठेवले आहे.

कालच्या फोटोचेही तेच. वरच्या उजव्या कोपऱ्यात पाहा. कमानीचा पाय थेट डांबरात रोवलेला दिसतो. त्या पायामुळे ट्रेलरला वळायला जागा उरली नाही, म्हणून तो मागे-पुढे करत राहिला, म्हणून कोंडी. कमान कोणाची हे मी सांगायला नको, शेवटच्या पानावर त्यांचीच पानभर शुभेच्छांची जाहिरात आहे. रंगीत.

आणि कोंडीचीच एवढी काळजी असेल तर हंगामात एकदा माधवनगर रस्त्याला संध्याकाळी उभे राहा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा वाजतो आहे. त्यांना ना पुढे जीप, ना परवाना, ना बांबू. त्याची बातमी तेव्हाच येते जेव्हा मोटारसायकलवाला मागून जाऊन आदळतो. इंजिनवाल्याने सगळे कागद करून, रात्रीची वेळ घेऊन, पुढे माणूस चालवून नेले तर तो वेठीस धरणारा.

वेल्समध्ये बॅरी म्हणून गाव आहे, तिथल्या भंगारवाड्यातून लोकांनी वर्गणी काढून २१३ वाफेची इंजिने सोडवून नेली, त्यातली पुष्कळशी रस्त्यानेच, ट्रेलरवर. तिकडे लोक म्हणे ते बघायला रस्त्याकडेला उभे राहत. इकडे आपण नागरिकांना सवाल करायला लावता. असो. चौकात इंजिन बसले की वर्षा-दोन वर्षांत त्याला चंदेरी रंग फासतील, कॅबमध्ये बाटल्या जमतील, तेव्हाही एक फोटो काढा, पण तो ड्रायव्हरच्या नावावर खपवू नका.

माझी मागणी एवढीच, की 'चालकाचा निष्काळजीपणा' ही ओळ मागे घेतल्याचे त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. कालच्या बातमीतल्या ड्रायव्हरचेही भाडे अजून द्यायचे असेल.

जाता जाता, आमच्या गल्लीत अंक हल्ली सकाळी आठ वाजून गेल्यावर येतो. पेपरवाल्या पोराला विचारले तर म्हणाला, "काका, इंजिनामुळं गाडी अडकली." इंजिन मंगळवारी रात्री आले. अंक दिवाळीपासून उशिरा येतो आहे.

आपला,
एक निवृत्त रिगर व जुना वर्गणीदार, मिरज