ज्यांना आजार नव्हता, त्यांना

सप्रेम नमस्कार.

मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. त्याचं पहिलं जनुकीय कारण ज्या घराण्यांमुळे सापडलं, त्या घराण्यांतल्या निरोगी माणसांना हे पत्र. रुग्णांचे आभार मानले जातात, मानायलाच हवेत. पण आजार न झालेली थोरली बहीण, बाही सरकवून बसलेला म्हातारा काका यांना कुणी दोन शब्द लिहिलेले दिसत नाहीत. याची फार रुखरुख वाटते.

१९९१ मध्ये शोध २१व्या गुणसूत्रापर्यंत पोचला. १९९३ मध्ये १३ घराण्यांत एसओडी१ जनुकातले ११ वेगवेगळे बदल सापडले. नुसत्या रुग्णांच्या रक्तावर हे जमलं नसतं. एका घरातल्या रुग्णांमध्ये नात्यामुळेच पुष्कळ काही सारखं असतं; त्यातलं आजाराशी बांधलेलं नेमकं काय, हे निरोगी भावंडं शेजारी ठेवल्यावरच कळतं. पंचविशीतला भाऊ इथे फारसं सांगत नाही, कारण त्याला आजार पुढे होऊ शकतो. सत्तरी ओलांडलेली धडधाकट आत्या बरंच सांगते. तिच्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. काही बदल अंगात असूनही माणूस शेवटपर्यंत ठणठणीत राहतो. म्हणून वंशावळीत प्रत्येकाचं वय लागतं, आणि दुखणं हातापासून सुरू झालं, पायापासून की बोलण्यापासून, हेही.

तुम्ही हात पुढे केलात. नळीभर रक्त, पाच मिनिटांचं काम. पण त्याच नळीत तुमच्या स्वतःच्या भविष्याचं उत्तर असू शकत होतं, आणि भावाला किंवा आईला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी हात मागे घेतला नाहीत. या एका कृतीपाशी मन पुन्हा पुन्हा थांबतं. माणसं अशी वागतात म्हणून तर विज्ञान पुढे सरकतं.

उलट, ‘घरात आणखी कुणाला होता का?’ हा प्रश्न आईवडिलांपुरता विचारून फाईल मिटणारे डॉक्टर आजही भेटतात. आजोबांचा ‘अर्धांगवायू’ नेमका काय होता, हे कुणी खोदून विचारत नाही. आणि एसओडी१ प्रथिन पेशीतल्या घातक ऑक्सिजन-रेणूंचा बंदोबस्त करतं एवढंच धरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या गळ्यात मारणाऱ्यांचा राग येतो. १९९४ मध्ये बदललेलं मानवी जनुक घातलेल्या उंदरांना आजार झाला. १९९६ मध्ये हे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना तसा आजार झाला नाही. म्हणजे या प्रथिनाची कमतरता हे आजाराचं मूळ नव्हे. चुकीची घडी पडलेलं प्रथिन स्वतःच विषारी ठरतं.

हे कळलं म्हणूनच ते प्रथिन कमी करणारं टोफर्सेन हे औषध तयार झालं. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पाठीच्या कण्यातल्या द्रवात १०० मिलिग्रॅम. पहिले तीन डोस १४ दिवसांच्या अंतराने, पुढे दर २८ दिवसांनी. मुख्य चाचणीत २८ आठवड्यांनी हालचालींच्या गुणांकात ठाम फरक दिसला नाही, पण चेतापेशींची पडझड दाखवणारं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन रक्तात घटलं. एसओडी१चे बदल एकूण रुग्णांपैकी सुमारे २ टक्क्यांतच असतात, म्हणून औषधाआधी जनुकचाचणी हवीच.

लक्षणं नसलेल्या, पण बदल असलेल्या माणसांवरची चाचणीही सुरू झाली आहे: त्यांचं न्यूरोफिलामेंट ठरावीक काळाने मोजायचं, आणि ते चढू लागलं की हातपाय थकण्याआधीच औषध द्यायचं. त्यासाठी पुन्हा निरोगी माणसंच दंड पुढे करत आहेत. त्यांनाही हेच पत्र.

आपले ऋणी