विज्ञानपटातला कृष्णवर्णीय पुरुष घरी परत का येत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या भव्य विज्ञानपटांवर मध्यंतरी जो दीर्घ लेख आला, तो मी दोनदा वाचला. अंतराळयाने, डायनासोर, यंत्रमानव आणि हे सारे पडद्यावर उभे करणारे तंत्र यांविषयीची त्यातली माहिती चांगली आहे. परंतु त्या यानांत बसलेल्या माणसांविषयी, आणि विशेषतः त्यांतल्या कृष्णवर्णीय पुरुषांविषयी, त्यात एक वाक्यही नाही. भुसावळच्या एका शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि हे चित्रपट आधी चित्रगृहात, पुढे केबलवर आणि आता नातवाच्या शेजारी बसून पाहत आलो आहे. त्या लेखात जे राहून गेले, ते सांगावे म्हणून हे पत्र.

असल्या चित्रपटात कृष्णवर्णीय माणूस सर्वांत आधी मरतो, असे हल्लीची मुले हसत हसत सांगतात. हे सरसकट खरे नाही. १९७९च्या ‘एलियन’मध्ये पहिला बळी एका गोऱ्या सहकाऱ्याचा जातो, आणि शेवटी रिप्ली ही नायिका व तिचे मांजर एवढेच वाचतात, म्हणजे तिथे मरण सर्वांच्याच वाट्याला आलेले आहे. याफेट कोटो यांनी त्यात रंगवलेला पार्कर हा अभियंता यानाच्या तळाशी, यंत्रांच्या वाफेत काम करतो, आणि इतरांपेक्षा आपल्याला वाटा कमी का, हे तो व त्याचा जोडीदार सुरुवातीलाच विचारतात. माझे वडील येथील लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे हे भांडण मला घरातलेच वाटले होते. पुढे एका सहकारी स्त्रीला इजा होईल म्हणून हातातले आग ओकणारे शस्त्र तो चालवत नाही, नुसत्या हातांनी झुंजतो आणि मारला जातो. तेव्हा तो कितव्या क्रमांकाला मरतो, याला फारसे महत्त्व नाही. कोणासाठी मरतो, आणि मरण्यापूर्वी त्याच्या आयुष्यातले किती आपल्याला दाखवले जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

या दृष्टीने १९९१चा ‘टर्मिनेटर २’ मी अनेकदा पाहिला. जो मॉर्टन यांनी साकारलेला माइल्स डायसन हा शास्त्रज्ञ माझ्या फार जवळचा आहे, कारण पडद्यावर कृष्णवर्णीय माणूस संशोधक म्हणून, स्वतःच्या घरात, बायको-मुलाच्या सहवासात मी तेव्हा प्रथमच पाहिला. आपल्या हातून घडत असलेल्या यंत्रामुळे पुढे मानवजातीचा संहार होणार आहे, हे कळल्यावर तो सबब सांगत नाही. आपले सगळे काम आपणच नष्ट करायला निघतो. पोलिसांच्या गोळ्या लागल्यानंतर स्फोटकांच्या कळीवर वजन धरून तो एकेक श्वास मोजत बसलेला असतो, आणि पोलिसांना बाहेर पडायला अवधी मिळावा म्हणून तेवढा वेळ हात रोखून धरतो. असे मरण लिहिणाऱ्याला माणूस कळतो, यात शंका नाही. तरीही नायक मंडळी पुढच्या प्रसंगाकडे धावतात आणि त्याच्या बायकोचे व लहानग्या डॅनीचे काय झाले, हे त्या चित्रपटात पुन्हा कोणी विचारत नाही. माझ्या नातवाने विचारले होते, आणि मला उत्तर देता आले नव्हते.

‘ज्युरासिक पार्क’मध्ये (१९९३) सॅम्युएल एल. जॅक्सन यांचा तंत्रज्ञ वीजपुरवठा सुरू करायला जातो आणि पुढे दिसतो तो फक्त त्याचा तुटलेला हात. त्याच चित्रपटातल्या गोऱ्या रक्षकाला मात्र त्याचा अखेरचा क्षण सन्मानाने पडद्यावर मिळतो. इद्रिस एल्बा यांनी ‘प्रॉमिथियस’मध्ये (२०१२) स्वतःचे यान शत्रूच्या यानावर घातले आणि पुढच्याच वर्षी ‘पॅसिफिक रिम’मध्ये समुद्राच्या तळाशी बॉम्ब उडवून प्राण दिले. दोन्ही भूमिका भारदस्त आहेत, दोन्हींत अधिकार आहे, आणि दोन्हींत जग वाचल्यानंतरची सकाळ दुसऱ्यांसाठी आहे. ‘मेट्रिक्स’मधला मॉर्फियस मरत नाही हे खरे, पण दुसऱ्याच कोणाला तरी त्राता म्हणून ओळखणे आणि घडवणे, हेच त्याचे आयुष्य ठरवलेले आहे.

अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये (१९९६) विल स्मिथ यांचा वैमानिक लग्न करतो, परग्रहवासीयांचे मुख्य यान उडवतो आणि जिवंत परत येऊन आकाशातून कोसळणारे अवशेष मुलाला आतषबाजीसारखे दाखवतो. त्या एका प्रसंगासाठी मला तो चित्रपट आजही आवडतो. परंतु त्याच विल स्मिथ यांच्या ‘आय ॲम लेजंड’ची (२००७) हकीकत पाहा. त्यातल्या शास्त्रज्ञाच्या बायको-मुलीचा मृत्यू आधीच झालेला असतो, आणि शेवटी औषध दुसऱ्यांच्या हाती सोपवून तो हातबॉम्बने स्वतःला उडवतो. याच चित्रपटाचा दुसरा शेवटही चित्रित झाला होता. त्यात तो वाचतो आणि सोबतच्या दोघांबरोबर शहर सोडून जातो. चित्रगृहात तो शेवट दाखवला गेला नाही, डीव्हीडीवर मात्र आला. दोन्ही शेवट हाताशी असताना लोकांसमोर मरणाचा ठेवला गेला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

‘स्टार वॉर्स’विषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या लेखाचा अर्धा भाग त्याच मालिकेवर आहे. १९७७च्या पहिल्या चित्रपटात डार्थ व्हेडर या मुखवटाधारी खलनायकाचा आवाज जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय नटाचा होता; त्यांच्याच इच्छेने त्यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. १९८३मध्ये व्हेडरचा मुखवटा उतरला तेव्हा आत गोरा चेहरा निघाला. म्हणजे त्या कथेतला सर्वांत धाक असलेला आवाज एका कृष्णवर्णीय माणसाचा, पण चेहरा त्याचा नाही. पुढे २०१५मध्ये जॉन बोयेगा यांचा फिन आला. लहानपणीच घरातून उचलून नेलेला, नावाऐवजी क्रमांक दिलेला आणि तरीही निःशस्त्र माणसांवर गोळी न झाडणारा सैनिक, हे नायकाचे बीज होते. त्याच्या हाती प्रकाशतलवार देऊन जाहिराती झाल्या, चीनमधल्या पोस्टरवर मात्र त्याची आकृती लहान केली गेली आणि पुढच्या दोन भागांत तो कडेला सरकत गेला. कृष्णवर्णीय पात्राला जाहिरातीत मोठे करून नंतर बाजूला सारू नका, असे बोयेगा यांनी २०२०मध्ये जाहीरपणे सांगितले. मालिकेत काम केलेल्या नटाने हे बोलायला धैर्य लागते.

‘ब्लॅक पँथर’ने (२०१८) जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, हे लेखात आले आहे; त्या कमाईपेक्षा मोठी गोष्ट आलेली नाही. चॅडविक बोसमन यांनी रंगवलेल्या टि’चाला या राजाला देश आहे, आई आणि बहीण आहे, पूर्वज आहेत, आणि त्याच्या दरबारात दक्षिण आफ्रिकेत खरोखर बोलली जाणारी कोसा भाषा ऐकू येते. घरात अहिराणी आणि वर्गात पुस्तकी मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना राजाच्या तोंडी घरची भाषा ऐकण्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. त्यातला खलनायक किलमाँगर हाही मरतो. परंतु तो बापाच्या खुनाचा हिशेब मागायला आलेला मुलगा आहे, आणि गुलामीपेक्षा समुद्र पत्करणाऱ्या पूर्वजांची आठवण काढत, जगण्याची संधी नाकारून मरतो. ते मरण त्याचे स्वतःचे आहे. मला हवे आहे ते एवढेच.

हे अमेरिकेचे प्रश्न, त्यांचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांनी कृष्णवर्णीय माणूस पाहिला असेल तर तो पडद्यावर, आणि तिथे जे दिसते तेच मनात राहते. वास्तविक या मातीला तो अनोळखी नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर त्याने वसवले आणि बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसलेल्या मोगल सेनानींना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. महात्मा फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. सतराव्या शतकात राज्य चालवणारा माणूस बाविसाव्या शतकाच्या यानात फक्त बलिदानापुरता लागतो, हे कल्पनाशक्तीचे दारिद्र्य आहे.

आणि ते माझ्यातही होते, हे येथे लिहिले पाहिजे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एकदा मंगळावरच्या स्वारीचे नाटक बसवले. यानाचा कप्तान मी एका गोऱ्या, सफाईदार बोलणाऱ्या मुलाला केले आणि सातपुड्याच्या पायथ्याहून आलेल्या काळ्यासावळ्या तडवी मुलाला परग्रहावरचा राक्षस. गुरुत्वाकर्षणाचा धडा वर्गात सर्वांत नीट त्यालाच समजला होता. त्याने काम चोख केले, टाळ्याही घेतल्या. त्याला कप्तान करावे, हे माझ्या मनातच आले नव्हते, आणि याची टोचणी आजही आहे.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, चित्रपट परीक्षणांत यानाच्या वेगाबरोबर यानातल्या माणसांविषयीही लिहिले जावे: कोणाला नाव आहे, कोणाला घर आहे, कोण परत येतो. तसेच पुरवणीतल्या त्या लेखात एका छायाचित्राखाली नायकाचे पूर्ण नाव आणि शेजारच्या कृष्णवर्णीय नटासाठी नुसते ‘सहकारी’ असे छापले आहे. छायाचित्रातले ते नट जो मॉर्टन आहेत. पुढील अंकात तेवढी दुरुस्ती अवश्य करावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
भुसावळ, जि. जळगाव