मोल्दोव्हाला निघण्यापूर्वी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

दादा पुण्याला गेल्यापासून खानापुरात तुम्ही दोघेच आहात, हे ठाऊक असूनही मी पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हा देशाच्या राजधानीतली, किशिनाऊची नोकरी स्वीकारली आहे. आई, रडण्यापूर्वी पत्र पूर्ण वाच.

बाबा, द्निस्टर नदीपलीकडची ट्रान्सनिस्ट्रियाची पट्टी 1992 च्या लढाईनंतर मोल्दोव्हापासून वेगळीच राहिली. रशियन सैन्य आजही तिथे आहे, आणि रोमानिया आपल्याला गिळून टाकील ही भीती लोकांच्या मनात वर्षानुवर्षे जोपासली गेली आहे. 2004 मध्ये तिथल्या राजवटीने रोमानियन भाषा रशियन वळणाच्या लिपीऐवजी लॅटिन लिपीत शिकवणाऱ्या शाळांवर पोलीस घातले, हे वाचले तेव्हा मराठी शाळेचा पट टिकावा म्हणून दारोदार फिरणारे तुम्ही डोळ्यांपुढे आलात. आपला सीमाप्रश्न निराळा. त्यात परका देश नाही आणि आपले मागणे संविधानाला धरूनच आहे. तरीही लिपीवर घाला आला की घरातले वातावरण कसे होते, हे 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत तुमच्या सायकलच्या दांडीवर बसूनच मला कळू लागले.

परकीय प्रचारापुढे लोकांचे मन कसे राखावे, याचा अभ्यास हे माझे काम आहे. खोट्याला खोट्याने उत्तर देण्याला माझा ठाम विरोध आहे आणि मुलाखतीतही मी तेच सांगितले. मोल्दोव्हाने डिसेंबर 2022 मध्ये सहा टीव्ही वाहिन्या बंद केल्या. त्याने प्रचाराला आळा बसत असेल, विश्वास मात्र बसत नाही. उलट 2014 पासून मोल्दोव्हाच्या पासपोर्टवर युरोपात व्हिसाविना जाता येऊ लागले, तेव्हा नदीपलीकडच्यांनाही तो हवासा वाटला. 1 जानेवारी 2025 ला रशियन वायू थांबला आणि तिथली घरे ऐन थंडीत गारठली. अशा वेळी मदतीचा शब्द कोणी, कोणत्या भाषेत आणि किती खरेपणाने द्यावा, यावरच सारे अवलंबून असते, असे मला मनापासून वाटते.

किशिनाऊ नदीच्या अलीकडे आहे आणि मी पलीकडे जाणार नाही. खोली उबदार आहे, तांदूळ-डाळ मिळते, आणि आई, तुझ्या चटणीचा डबा मी बरोबर नेणारच आहे. ताप आला की तुझा हात कपाळावर लागतो, ती सवय मात्र अजून सुटलेली नाही.

आता ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि थंडीत पहाटे शेताकडे जायचे नाही. आई, गुडघे दुखत असताना तू माळ्यावर चढू नकोस. वाटणीच्या उताऱ्यासाठी तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालू नका, ते काका बघतील. आणि कन्नड कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आधी मला फोटो पाठवा.

तुमची,
चिमी