दाराआधी चौकट

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. घर तुझं, निर्णयही तुझा. पण नव्या दाराची ऑर्डर अजून देऊ नकोस. पहिल्या फोटोत बिजागरीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात फट रुंद दिसते, आणि खाली कुलपाच्या बाजूने दार घासून फरशीवर अर्धगोल ओरखडा उमटलाय. म्हणजे हे दार फुगलेलं नाही, लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दार असंच पुढे झुकतं. आता स्क्रू सैल का झाले? त्यांच्यामागचं लाकूड त्यांना धरत नाही म्हणून. जे लाकूड जुन्या दाराचे स्क्रू धरत नाही ते नव्याचेही धरणार नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण दुकानदाराला झडप, म्हणजे उघडमीट होणारं नुसतं दार, विकायची असते, चौकटीशी त्याला कर्तव्य नसतं.

तेव्हा आधी चौकट बघ, आणि ती खालून बघायला लाग. जुन्या चौकटीचे पाय बहुधा फरशीत गाडलेले असतात. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी जितक्या झटकन वर चढतं तितकं बाजूने कधीच शिरत नाही, आणि फरशी पुसायचं पाणी तिथे रोज मुरतं. म्हणून चौकट कुजते ती बहुतेक वेळा खालच्या वीतभरातच. वरून रंगाचे थर असतात, त्यामुळे दिसायला सगळं ठणठणीत. स्क्रूड्रायव्हरचं टोक जमिनीपासून वर टोचत जा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुतेल. कुजलेल्यात सहज घुसेल आणि बाहेर काढताना भुसा येईल. मग बोटाच्या पेराने ठोकून बघ. आवाज पोकळ आला, किंवा भिंतीच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय नवं लाकूड तिथे नेऊ नकोस, नाहीतर तू तिला ताजं ताट वाढशील.

नुसता खालचा भाग गेला असेल तर अख्खी चौकट उपटायची गरज नसते. कुजकं तेवढं कापून, तिरका सांधा घेऊन, त्याच जातीचं लाकूड जोडता येतं. तुझ्या आजोबांना लोक नवं दार करायला बोलवायचे, आणि ते पटाशीने टोचून बघून ‘पाय बदलू, बाकी राहू दे’ म्हणून मोकळे व्हायचे. त्यात कमाई निम्मी व्हायची आणि आजी चिडायची, तो भाग वेगळा.

चौकट धड निघाली तर तिची मापं घे. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची दोन्ही बाजूंना. जुन्या घरात ही मापं सारखी येत नाहीत, न आल्यास घाबरू नकोस. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोज. दोन-तीन मिलिमीटरचा फरक झडप तासून निभावतो. दहा-बाराचा असेल तर चौकट कलली आहे, आणि तयार दार तिच्यात कधीच सरळ दिसणार नाही, कारण ते नेमक्या काटकोनात आलेलं असतं. आणखी एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. दोन सुतळ्या घे आणि चौकटीच्या दर्शनी बाजूवर कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणून बांध. मध्यभागी त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. अंतर राहिलं किंवा एक दुसरीला दाबायला लागली, तर चौकटीला पीळ आहे. पीळ असलेल्या चौकटीत सपाट झडप लावली की तीन कोपरे बसतात, चौथा बाहेर राहतो, आणि मग सगळे मिळून कुलपाला शिव्या घालतात.

तू लोखंडी दाराचं लिहिलं आहेस. ते दमट हवेत फुगत नाही, हे खरं. पण ते तासताही येत नाही, आणि बहुधा स्वतःची चौकट घेऊन येतं. म्हणजे जुनी चौकट काढा, भिंत फोडा, गिलावा करा, फरशी जोडा. कुणी म्हणेल की जुनीच्या आत नवी बसवू. तसं केलंस तर वाट अरुंद होते. झडप पूर्ण उघडल्यावर मोकळी वाट निदान ८०० मिलिमीटर उरायला हवी. कपाटं तर आत-बाहेर करावी लागतातच. पुढे कधी मला चाकाच्या खुर्चीतून आत घ्यायची वेळ आली तर उंबरठ्यावर माझी मापं काढत बसू नका.

माझं मत विचारशील तर चौकट कललेली असो वा सरळ, जुन्या घरात लाकडी झडपच बरी. ती घराच्या वाकडेपणाशी जुळवून घेते. मात्र लाकूड नीट वाळलेलं हवं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. हवा दमट झाली की पसरतं, कोरडी झाली की आकसतं. म्हणूनच जुन्या सुतारांनी झडपेच्या कडेच्या पट्ट्या वेगळ्या आणि मधले तक्ते वेगळे केले. तक्ते खाचेत सैल बसवलेले असतात, हलायला जागा राहावी म्हणून. ते हलतात म्हणून कुणी खिळे ठोकून किंवा सरस लावून पक्के करायला निघाला तर हात धर, कारण असा तक्ता वाळताना मधोमध चिरतो. आणि भर दमट दिवसांत दार अडकतं म्हणून लगेच रंधा मारू देऊ नकोस. कोरड्या दिवसांत तिथूनच उजेड दिसेल. बाजूंना आणि वर तीनेक मिलिमीटर फट पुरते. झडप टांगण्याआधी तिच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंगाचा किंवा पॉलिशचा हात मारून घे. त्या कडा दिसत नाहीत म्हणून कोऱ्याच सोडतात, आणि ओल तिथूनच शिरते.

एका भरीव लाकडी झडपेचं वजन चाळीस-पन्नास किलो सहज भरतं. दोन बिजागऱ्यांवर भागवू नकोस, तीन लाव. सगळ्यात जास्त ओढ वरच्या बिजागरीवर येते, म्हणून तिचे स्क्रू चौकटीतून आरपार भिंतीत पोचतील इतके लांब असू देत. बाबांचा सगळा जीव कुलपात. भारी कुलूप घ्या म्हणतात. मी म्हणते, कुलपाची जीभ चौकटीच्या ज्या पट्टीत जाते तिचे स्क्रू बघा. धक्का मारला की कुलूप मोडत नाही, ती पट्टी उचकटते. तिथेही लांब स्क्रू.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि यात तुझं काही ऐकणार नाही. जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या तैलरंगांत शिसं असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीच १९७८ साली, आणि पुष्कळ देशांत त्याहून उशिरा. लहान मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझी लेक सध्या रांगते, आणि जे हाताला लागेल ते तोंडात घालते. रंग काढायचाच असेल तर ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, सगळा कचरा बांधून टाका, आणि काम संपेपर्यंत तिला दुसरीकडे ठेवा.

चौकट काढावीच लागली तर तिच्या वर काय आहे ते आधी जाणकाराला दाखव. काही जुन्या घरांत वरची तुळई कुजलेली असते आणि भिंतीचा भार नकळत चौकटीवर आलेला असतो. टेकू दिल्याशिवाय तिला हात लावू द्यायचा नाही. आणि नवी झडप घरात येऊन, मापाला लावून बघितल्याशिवाय जुनी उतरवायची नाही; संध्याकाळी कारागीर ‘उद्या येतो’ म्हणून गेला की रात्रभर राखण तुम्हालाच करावी लागेल.

वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून त्या भोकांत काडी घालून बघ, किती खोल जाते ते. भोकं नुसती मोठी झाली असतील आणि भोवतीचं लाकूड चांगलं असेल, तर कठीण लाकडाच्या खुंट्या सरस लावून ठोकायच्या आणि नव्याने स्क्रू पिळायचे. मग कदाचित हेच दार पुन्हा सरळ उभं राहील आणि आपण फक्त रंगाचं बोलू. तेवढं तपासून, सगळी मापं कागदावर लिहून फोटो पाठव. दोन्ही कर्ण वेगवेगळे लिही, सरासरी काढू नकोस.

तुझी,
आई