पावतीवर क्रमांक नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये मी एकतीस वर्षे काम केले. छापलेल्या कागदाची मोजणी हे आमचे काम. एक पान कमी भरले तर ते सापडेपर्यंत कोणी जागचे हलत नसे, आणि खराब छापलेले पानही चांगल्या पानाइतक्याच काळजीने मोजून द्यावे लागे. सुट्टी झाली की गेटवर झडती. नव्या पोराची झडती, तशीच उद्या निवृत्त होणाऱ्याचीही. त्यात कोणाला अपमान वाटला नाही. माझ्या वडिलांनाही वाटला नव्हता, तेही त्याच गेटातून ये-जा करायचे. हे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात माझा दोष आहे, आणि मला समजले नाही असे म्हणायला जागा नाही.

थोरल्या भावाच्या माघारी माझ्या वहिनी एकट्या राहतात. त्यांचे आयुष्य दवाखान्यात आयाचे काम करण्यात गेले. दोन वर्षांपूर्वी नाताळचा फराळ घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातल्या साडीच्या घडीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. यरुशलेम यात्रेची पावती. वर घुमटाचे रंगीत चित्र, खाली बायबलमधले वचन, मध्ये निळ्या शाईने लिहिलेले ६५ हजार रुपये. सही होती, शिक्का होता. क्रमांक मात्र नव्हता. पावती पुस्तकाचा नाही, कसल्या नोंदणीचा नाही, काहीच नाही. माझी नजर आधी तिथेच गेली. पण वहिनींचा चेहरा इतका फुलला होता! “भाऊजी, यार्देन नदीचं पाणी आणते तुमच्यासाठी,” म्हणाल्या. मी पावती घडी घालून परत दिली आणि करंजी खाल्ली.

पैसे घेणारे ब्रदर बाहेरगावचे. दोन वर्षे आमच्या भागात घरोघरी उपास-प्रार्थना घेत होते. आजारी माणसाच्या उशाशी रात्ररात्र बसत. माझ्या पत्नीच्या ऑपरेशनच्या वेळीही बसले होते. अशा माणसाला “पावतीवर क्रमांक का नाही?” असे कसे विचारायचे? प्रार्थनेला बसणाऱ्यावर संशय घेणे म्हणजे आपलाच विश्वास कमी, असे मला वाटले. चार महिने मी गप्प राहिलो. त्या चार महिन्यांत देवळाली कॅम्पातल्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून तिघांच्या यात्रेची रक्कम भरली. मग फोन बंद झाला, भाड्याच्या खोलीला कुलूप लागले. मी त्या दिवशीच बोललो असतो तर वहिनींचे पैसे कदाचित परत आले नसते, पण त्या कुटुंबाचे नक्की वाचले असते. झोप उडते ती यानेच.

पुढे जे घडले ते त्याहून वाईट. पोलिसांत जायचे ठरले, तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतल्या, जाणत्या माणसांनी समजावले की पेपरात येईल, लोक हसतील, आपण मूठभर, आधीच आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतात हे माहीत आहे ना? झाले गेले देवावर सोपवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. बहुतेकांनी तक्रार केली नाही. ज्यांनी केली त्यांच्याशी काही जणांनी उपासनेनंतर जय ख्रिस्त म्हणणेही सोडले. फसवणारा निघून गेला आणि फसलेले वाईट ठरले.

या म्हणीने आपले फार नुकसान केले आहे. मूठ झाकलेली असते तेव्हा आत काय चालले आहे हे ज्याची मूठ त्यालाच ठाऊक असते.

आपल्या शरणपुराची एक गोष्ट सांगतो. ती आपल्या मुलांनाही ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या या वस्तीत आणून शिकवली जात. जेकब वेनराइट त्यांच्यापैकीच एक. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी प्रवाशाच्या तांड्यात होता. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावात वारले, तेव्हा सोबत एकही गोरा माणूस नव्हता. पेट्यांत काय आहे हे विचारणारे कोणी नव्हते. तरीही सुसी आणि चुमा या त्यांच्या जुन्या आफ्रिकी सोबत्यांनी सगळ्यांना बोलावले आणि सगळ्यांच्या देखत पेट्या उघडल्या. जबाबदारी सगळ्यांची राहावी, हा हेतू. यादी लिहिली जेकबने, कारण त्याला लिहिता येत होते. मग ते शव, त्या वह्या आणि उपकरणे घेऊन ही माणसे महिनोन्‌महिने चालत १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचली. एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. आपण या माणसांची निष्ठा आठवतो, त्यांनी केलेली यादी मात्र विसरतो. मला त्या निष्ठेचा निम्मा भाग त्या यादीत दिसतो.

आता आपली वेस्ट्री, म्हणजे चर्चची आतली खोली, पाहा. मी अनेक मंडळ्यांत पाहिले आहे, एका मंडळीबद्दल बोलत नाही. उपासना संपते, लोक अंगणात गप्पा मारत उभे असतात आणि आत एकटे खजिनदार अर्पणाच्या थैल्या टेबलावर ओततात. त्यात दहा-दहाच्या नोटा असतात, चार-चार घड्या घातलेल्या. म्हातारी माणसे रुमालाच्या गाठीतून काढतात त्या. मोजणी एकाची, नोंद पेन्सिलची, सही पुढच्या रविवारी. खजिनदार देवमाणूस असेलही. बहुतेक असतातच. पण त्या देवमाणसाला उद्या कोणी खोटा आळ घातला तर तो कशाच्या आधाराने तोंड उघडणार? प्रेसच्या गेटवरची झडती चोराला पकडायला होती, तितकीच आम्हा सरळ माणसांना निर्धास्त घरी पाठवायलाही होती.

बायबलमधल्या प्रेषित पौलाला हे कळले होते. यरुशलेमातल्या गरिबांसाठी त्याने करिंथ आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला. का, तेही लिहून ठेवले: या दानाबद्दल कोणाला आमच्यावर बोट ठेवता येऊ नये, आणि गोष्ट प्रभूच्या दृष्टीने चांगली असून पुरत नाही, माणसांच्या दृष्टीनेही चांगली असावी लागते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय आपण देणगीच्या रविवारी वाचतो, पण अर्ध्यावर थांबतो. पौलाने यरुशलेमच्या नावाने पैसे घेतले आणि सोबत साक्षीदार ठेवला. वहिनींनी यरुशलेमच्या नावाने पैसे दिले आणि साक्षीदार असूनही मी बोललो नाही.

शेत विकून आलेले पैसे मंडळीला देताना काही मागे ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोवर प्रवचने पुष्कळ झाली. पण प्रेषित पेत्राने हनन्याला विचारले ते नीट ऐकावे. शेत तुझेच होते, विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते. पैसे ठेवून घेतले म्हणून तो दोषी ठरला नाही, सगळे दिले असे भासवले म्हणून ठरला. आपल्या वार्षिक सभेत “किरकोळ खर्च” या एका ओळीत किती गोष्टी बसवल्या जातात, हे ज्यांनी ती सभा पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

पैशांनंतर जागा. शरणपूर रोडला आज काय भाव आहे हे नाशिककरांना माहीत आहे. पूर्वजांच्या काळातल्या जमिनी, बंगले, शाळांची मैदाने ट्रस्टच्या नावावर असतात आणि सामान्य सभासदाला त्यांचा सातबारा कुठे आहे हेही ठाऊक नसते. कायदा मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. सहधर्मादाय आयुक्तांचे कार्यालय नाशकातच आहे. सभासदाने तिथे जाणे म्हणजे चर्चला कोर्टात खेचणे, असा समज पसरवला गेला आहे. आपल्या आजोबांनी दिलेल्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या जागेची चौकशी नातवाने केली तर त्यात द्रोह कसला?

मुलांच्या बाबतीत तर मी कोणाचेच ऐकणार नाही. वसतिगृह, संडे स्कूल, उन्हाळी शिबिर, कुठेही मुलाशी वावगे घडल्याचे कानावर आले, तर ते आधी पोलिसांत जाते. पाळकसाहेबांच्या खोलीत प्रार्थना करून ते मिटत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घातले आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. “त्याने पश्चात्ताप केला आहे,” असे म्हणणारे लोक असतात. पश्चात्ताप खरा असेल तर तो माणूस स्वतःच चौकीत जाईल. क्षमा करायची की नाही हे त्या मुलाने, मोठे झाल्यावर, ठरवायचे. मंडळीने त्याच्या वतीने क्षमा वाटू नये.

मला कोणी म्हणेल, हे घरातले गाऱ्हाणे वर्तमानपत्रात कशाला? दोन वेळा लेखी पत्र कमिटीला दिले. पोच मिळाली, उत्तर नाही. आणि इतर धर्मांच्या वाचकांनी हे वाचावे यात मला कमीपणा वाटत नाही. ज्या घरात देवाच्या नावाने थैली फिरते तिथे हा धोका आहेच. लक्ष्मीबाई टिळक याच नाशकात राहिल्या, १९३६ साली इथेच वारल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपले पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, यांचा तापटपणा झाकला नाही, घरातली ओढाताण झाकली नाही, स्वतःच्या चुकाही झाकल्या नाहीत. त्याने ख्रिस्ती समाजाची अब्रू गेली का? आज ज्यांना आपल्याबद्दल प्रेम आहे, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना ते त्या पुस्तकामुळे वाटू लागले.

इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एकमेकांना रोज, “आज” म्हणता येते तोवर, बोध करत राहा असे सांगितले आहे, कारण पाप माणसाला फसवून निबर करते. मी हे स्वतःवर अनुभवले. पहिल्या महिन्यात ती पावती डोळ्यांसमोरून हलत नव्हती. चौथ्या महिन्यात मला तिची आठवणही होत नव्हती.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा येत्या महिन्यात आहे. मी तीनच गोष्टी मागणार आहे. थैली तीन वेगळ्या घरच्या माणसांनी मोजावी आणि तिथेच शाईने सही करावी. प्रत्येक पावतीवर छापील क्रमांक असावा. बाहेरून आलेल्या कोणालाही मंडळीत पैसे गोळा करायचे असतील, तर नोंदणीचे कागद आधी फलकावर लागावेत. पण हे मागण्याआधी मी उभा राहून ६५ हजारांच्या त्या पावतीबद्दल आणि माझ्या चार महिन्यांबद्दल सांगेन. देवळालीचे ते कुटुंब समोर बसलेले असेल. वहिनी म्हणाल्या आहेत, पावती मी घेऊन येते.

आपला नम्र,
प्रेसमधून निवृत्त झालेला एक वाचक, नाशिकरोड
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)